वारुळाची गोष्ट आणि इमारतीचा हिशेब

निसर्गाकडून शिकून बांधकाम कसं करायचं, हा आजचा विषय. यासाठी 'बायोमिमिक्री' हा शब्द जॅनीन बेन्यस यांच्या १९९७ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाला, आणि आता तो आर्किटेक्चरच्या वर्गापासून बिल्डरच्या माहितीपत्रकापर्यंत सगळीकडे भेटतो. आज उदाहरणांची लांबलचक यादी वाचायची नाही. एकच इमारत घेऊ, तिच्याबद्दल सांगितली जाणारी एकच गोष्ट घेऊ, आणि ती कुठपर्यंत टिकते ते तपासू.

इमारत आहे झिंबाब्वेची राजधानी हरारे इथलं ईस्टगेट सेंटर. १९९६ साली ती सुरू झाली. वास्तुरचनाकार मिक पीअर्स, अभियांत्रिकी अरुप कंपनीची. गोष्ट अशी सांगतात: बाहेर कितीही ऊन-थंडी असो, वाळवीच्या वारुळात तापमान एकसारखं राहतं. आतली गरम हवा चिमणीतून वर जाते, खालून थंड हवा येते. पीअर्स यांनी हीच युक्ती उचलली, आणि म्हणून या इमारतीत एसी नाही. गोष्ट सुटसुटीत आहे, ऐकायला छान आहे. पण तिचे दोन भाग वेगळे करून बघायला हवेत: इमारत आणि वारूळ.

आधी इमारत. नऊ मजल्यांचे दोन लांब ठोकळे, मधे काचेच्या छपराखालचा मोकळा चौक, आणि वर धुराड्यांची रांग. खरं काम कोण करतं? काँक्रीट आणि विटांचं वजन. दिवसभर माणसं, दिवे आणि यंत्रं जी उष्णता सोडतात ती हे जड काँक्रीट शोषून घेतं. रात्री हरारेत गारवा पडतो. तेव्हा मोठे पंखे ती गार हवा जमिनीखालच्या पोकळ्यांतून खेळवतात आणि काँक्रीट पुन्हा थंड करून ठेवतात. म्हणजे काय, तर रात्रीचा गारवा साठवायचा आणि दिवसा वापरायचा. जोडीला बाहेरच्या भिंतींवर थेट ऊन पडू नये म्हणून खोल सावल्या आहेत, आणि काचेचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलं आहे. ही शिस्त फार महत्त्वाची. गोष्ट सांगताना मात्र ती हमखास गळते, कारण कमी काच ठेवण्यात नाट्य नाही.

बचतीचेही दोन आकडे फिरतात. कुणी ९० टक्के म्हणतं, कुणी ३५. पहिला आकडा हवा खेळवण्याच्या आणि गारव्याच्या खर्चाबद्दल सांगितला जातो, दुसरा इमारतीच्या एकूण विजेबद्दल. भाषणात मात्र मोठाच आकडा येतो, आणि कशातले ९० टक्के हे कुणी विचारत नाही. खरं तर ३५ टक्केसुद्धा कौतुकाचीच कामगिरी आहे. ती फुगवायची गरज नव्हती.

आता वारूळ. वारुळाच्या आत गरम हवा वर, गार हवा खाली असं चक्र चालतं, ही मांडणी स्विस संशोधक मार्टिन ल्यूशर यांची, १९६१ सालची. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी नामिबियातली वारुळं मोजली आणि २००८ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांना दिसलं ते वेगळंच. वाळवीच्या घरट्याचं तापमान आजूबाजूच्या जमिनीच्या तापमानामागे चालतं. दिवसभरात ते फारसं हलत नाही, पण वर्षभरात हलतं: हिवाळ्यात १५ अंशांच्या आसपास, उन्हाळ्यात ३० च्या वर. म्हणजे गारवा राखण्याचं श्रेय मुख्यतः जमिनीचं. वरचा उंच मनोरा हे एसी नव्हेच, ते फुप्फुस आहे. वाऱ्याच्या झुळकांनी आतली हवा हलते, मिसळते, आणि प्राणवायू व कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण होते.

बरं, सगळी वारुळं एकाच पद्धतीनं श्वास घेतात असंही नाही. आपल्याकडे बंगळुरूत दिसणाऱ्या ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीच्या वारुळांवर महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे दिवसरात्रीच्या तापमानातला फरक कामाला येतो. वारुळाच्या बाहेरच्या पातळ कडा दिवसा लवकर तापतात, गाभा मागे राहतो. कडांमधली हवा वर चढते, गाभ्यातली उतरते. रात्री हे चक्र उलटं फिरतं आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इथेही मुद्दा श्वासाचाच आहे.

इथे कुणीही म्हणेल: इमारत चालते ना? मग वारुळाची गोष्ट थोडी चुकली तर बिघडलं कुठे? आमच्या मते बिघडतं. कारण पुढचा माणूस गोष्ट वाचून नक्कल करतो, आणि गोष्टीत धुराडी आहेत, हरारेची रात्र नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातही हरारेत रात्री पारा १५ अंशांच्या जवळपास उतरतो. मुंबईत मे महिन्यात रात्रीही २७ अंश आणि वर दमट हवा. तिथे रात्री पंखे लावून काँक्रीटमध्ये साठवणार काय? नागपुरात दिवसरात्रीतला फरक मोठा, पण मेमधली रात्रच २८ अंशांची. पुण्यात एप्रिलमध्ये पारा रात्री विशीपर्यंत उतरतो; तिथे हा विचार करण्यासारखा आहे. म्हणजे एकाच राज्यात तीन शहरं, तीन उत्तरं. दुसऱ्या गावाच्या हवेवर बेतलेली रचना तशीच उचलून आणणं म्हणजे आयत्या बिळात नागोबा. फरक इतकाच, की नागोबाला निदान बीळ लागू पडतं.

आणखी एक गोष्ट या चर्चेत मागे पडते: माल. वाळवी जागेवरची माती आणि स्वतःची लाळ एवढ्यावर बांधते, तेही हवेच्या तापमानात. सिमेंटसाठी भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड तर इंधनातून नव्हे, चुनखडीतूनच सुटतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के. ईस्टगेटनं काँक्रीटच्या वजनाकडून रोज काम करून घेतलं, म्हणून तिथे ते समजू शकतं. पण निव्वळ पानाफुलांसारखा दिसावा म्हणून वाकवलेला काँक्रीटचा दर्शनी भाग हिरवा कसा म्हणायचा? उलट लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवली, साधारण पाव भाग विटा वाचवल्या, भिंतही कमी तापू दिली. त्याला कुणी बायोमिमिक्री म्हणालं नाही. थोडक्या मालात काम भागवणं हा निसर्गाचा धडा मात्र त्या भिंतीत पुरता उतरला आहे.

टर्नर आणि सोअर यांचा सगळ्यात मोलाचा मुद्दा शेवटी. वारूळ कधीच पूर्ण होत नाही. पाऊस-वारा ते झिजवतात, वाळवी माती वर आणत राहते. वारूळ म्हणजे सतत चालू असलेली दुरुस्ती. आपल्या देशावरच्या धाब्याच्या घरांना हे ठाऊक होतं. पावसाळ्याआधी वर पांढरी माती पडायचीच. आज आपल्या सोसायट्यांत 'मेंटेनन्स' हा फक्त वार्षिक सभेतल्या भांडणाचा विषय आहे. पंखे, झडपा, सावलीच्या पट्ट्या यांची निगा राखणारं कुणी नसेल, तर निसर्गातून घेतलेली कुठलीही रचना पाच वर्षांत खिडकीतल्या एसीवर येते.

तेव्हा यापुढे अशी इमारत कुणी दाखवली की तीन प्रश्न विचारू या. त्या प्राण्याबद्दल जे सांगता ते कुणी मोजलंय का? ते आमच्या गावच्या हवेत, आमच्या रात्रीत चालेल का? आणि दहा वर्षांनी तिची निगा कोण राखणार? पीअर्स यांची इमारत हरारेत या प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तरं देते, फक्त पहिल्याला नाही. त्यांनी वारुळापेक्षा आपल्या शहराचं हवामान जास्त नीट वाचलं होतं. आपणही सुरुवात तिथूनच करावी, असं आम्हाला वाटतं. इथे थांबू, प्रश्न घेऊ.