चिमण्या कमी झाल्या, असे कोणी मोजले?

चिमणी नाहीशी होत चालली आहे, हे वाक्य आपण वर्गात किती सहज बोलून जातो! दरवर्षी २० मार्चला शाळाशाळांतून खोक्यांची घरटी टांगली जातात. मोजणी मात्र क्वचितच होते. म्हणूनच भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० साली निघालेला अहवाल आम्हांला महत्त्वाचा वाटतो. सुमारे १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. पंचवीसएक वर्षांत देशभरात चिमणी साधारण स्थिर आहे, मुंबईसह सहा महानगरांत मात्र हळूहळू घटते आहे, असे तो सांगतो.

हे कळले कसे? देशातल्या चिमण्या काही कोणी एकेक करून मोजल्या नाहीत. निरीक्षक ठरावीक वेळात दिसलेल्या सर्व जातींची यादी करतो. अशा ४० याद्यांपैकी ३० याद्यांत चिमणी असेल, तर तिचे प्रमाण ७५ टक्के. हे प्रमाण वर्षागणिक कसे बदलते ते पाहायचे. युक्ती साधी आहे, पण तिचा सारा भार 'सर्व' या शब्दावर आहे. एका शाळेत आम्ही मुलांना पंधरा मिनिटे आवारात बसवून यादी करायला सांगितली. यादीत खंड्या आला, कावळा नाही! "तो काय, रोजचाच," मुले म्हणाली. (मोठी माणसे तरी कुठे वेगळी वागतात?) समोर असलेला कावळा लिहिला नाही, की हिशेबात तो नव्हताच.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. निरीक्षक सुटीच्या दिवशी तळ्यावर, अभयारण्यात जातात. यादीच्या लांबीचा फरक गणिताने सावरता येतो. जिथे कोणी फिरकलेच नाही तिथली नोंद गणित कुठून आणणार? शिवाय जुन्या याद्या फार थोड्या. ८६७ जातींपैकी केवळ २६१ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, आणि अहवालाने हे लपवलेले नाही. २०२३ च्या अहवालातही ९४२ पैकी ३३८ जातींबद्दलच तसे बोलता आले. आजीच्या लहानपणी माजघरात किती चिमण्या होत्या, याविषयी दोन्ही अहवाल काहीच सांगू शकत नाहीत; त्यामुळे 'स्थिर' या शब्दाने आजी खोटी ठरत नाही.

शाळेच्या आवारातली यादी तळ्यावरच्या यादीपेक्षा कंटाळवाणी खरी, पण जागा तीच, वेळ तीच, आणि चिमणीच्या बाबतीत अधिक कामाची. त्या शाळेत आता दर सोमवारी पंधरा मिनिटे यादी होते. गेल्या खेपेस पहिलेच नाव कावळ्याचे होते.