मातीच्या मुखी सदासर्वकाळ

स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी मूळ हिब्रूत ‘स्तुती’ असा मथळा लाभलेलं स्तोत्र एकच आहे, १४५वं. दाविदाच्या नावावर असलेल्या स्तोत्रांतलंही हे शेवटचं. यानंतर पाच स्तोत्रं उरतात, ती सगळी हालेलूयाने सुरू होतात आणि हालेलूयानेच संपतात. दाविदाचा स्वर मात्र इथे थांबतो. त्याच्या आधीच्या स्तोत्रांत काय काय होऊन गेलं आहे! १४२वं गुहेत लपलेल्या माणसाचं आहे, तर १४३व्यात जीव कासावीस झालेला आहे. या सगळ्यातून बाहेर येऊन शेवटी दाविदाच्या हाती उरली ती स्तुती. म्हणून हे सुखवस्तू माणसाचं गाणं नव्हे, एवढं आधीच ध्यानात ठेवावं.

पहिल्या दोन कडव्यांतच कवी स्वतःला बांधून घेतो. आधी तो सदासर्वकाळ देवाच्या नावाचा गौरव करण्याचा संकल्प करतो. मग हे दररोज करीन असं म्हणतो, आणि त्याच श्वासात पुन्हा सदासर्वकाळाकडे वळतो. दोन अनंतांच्या मधोमध एक साधा, उठून कामाला लागायचा दिवस असा बसवलेला आहे. मी या स्तोत्राकडे परत परत येतो तो या मांडणीसाठी. आपण सहसा अनंतकाळ दिवसांच्या पलीकडे ठेवतो: आधी आयुष्य सरेल, मग तो सुरू होईल. इथे कवीने आजच्या दिवसाला अनंताच्या कुशीत घेतलं आहे.

पण हे बोलतो आहे कोण? मरणारा माणूस. ‘दररोज’ हा शब्द माणसाने द्यावा, तो त्याच्या आवाक्यातला आहे. नित्यनेम करणारी माणसं महाराष्ट्राने घरोघरी पाहिली आहेत, हरिपाठाची आणि पहाटेच्या प्रार्थनेचीही. ‘सदासर्वकाळ’चं वचन मात्र माणसाने कशाच्या बळावर द्यावं? हीच स्तोत्रसंहिता इतरत्र अगदी उलट सांगते. सहाव्या, तिसाव्या आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रांतली माणसं देवालाच विचारतात की कबरेतून तुझी आठवण कोण काढणार, माती तुझे गुण गाईल काय. ११५वं स्तोत्र तर विचारतही नाही, मेलेले स्तुती करत नाहीत असं सरळ सांगून टाकतं. जुन्या कराराचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मरणाला तो गोंजारत नाही. अशा ग्रंथात कुणी ‘मी सदासर्वकाळ’ म्हणत असेल तर त्याची जमानत कुठे आहे, हे शोधावंच लागतं.

स्तोत्र ती एकदम दाखवत नाही. चौथ्या कडव्यात एक पिढी दुसऱ्या पिढीला देवाची कृत्यं सांगते. आजीकडून नातीकडे जाणारा हा आवाज एका माणसाच्या आयुष्याहून लांब पोचतो. हे खरं आहे, आणि सुंदरही आहे. पण तेवढ्याने भागत नाही, कारण पहिल्या कडव्यातला कर्ता ‘आम्ही’ नव्हता, ‘मी’ होता. तेराव्या कडव्यापाशी उत्तर जवळ येतं. देवाचं राज्य सर्व युगांचं आहे आणि त्याची सत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असं कवी तिथे म्हणतो. स्तुतीची लांबी स्तुती करणाऱ्याच्या श्वासावर मोजायची नसून जो स्तवला जातो त्याच्यावर मोजायची आहे, हे इथे लक्षात येतं. माझा ‘सदासर्वकाळ’ माझ्या मालकीचा नाही, तो त्याच्याकडून आलेला आहे.

आणि नेमकं याच जागी स्तोत्र अडखळतं.

हे स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेलं आहे. दर कडव्याचा आरंभ पुढच्या अक्षराने होतो, म्हणजे अलेफपासून ताव्हपर्यंत भाषेतला एकेक वर्ण स्तुतीला लावलेला. मराठीत हा बांधा दिसत नाही, त्याला इलाज नाही. अक्षरं २२ आहेत आणि कडवी मात्र २१, कारण परंपरेने जपलेल्या हिब्रू पाठात ‘नून’ या अक्षराचं कडवं नाही. तेराव्या आणि चौदाव्याच्या मध्ये रिकामी जागा आहे. यहुद्यांच्या ताल्मूद या ग्रंथातल्या रब्बी योहानानने याचं कारण सांगितलं ते असं: आमोस संदेष्ट्याने इस्राएल पडली, ती पुन्हा उठणार नाही, असा जो विलाप केला तो याच अक्षराने सुरू होतो, म्हणून दाविदाने ते अक्षर टाळलं. त्यावर दुसऱ्या एका रब्बीने भर घातली की दाविदाने टाळलं खरं, पण लगेच पुढच्या कडव्यात त्या पडलेल्यांना हात दिला. चौदावं कडवं खरोखरच पडणाऱ्यांना सावरणाऱ्या आणि वाकलेल्यांना उभं करणाऱ्या देवाविषयी आहे.

१९५६ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानजवळच्या अकराव्या गुहेत स्तोत्रांची एक मोठी गुंडाळी सापडली. तिच्यात हे हरवलेलं कडवं आहे, आणि प्राचीन ग्रीक भाषांतरातही ते होतंच. अनेक आधुनिक भाषांतरांनी ते आता मजकुरात घेतलं आहे. बहुधा कुणा लेखनिकाच्या हातून ओळ गळाली असावी. असं असूनही रब्बींचं वाचन मला सोडवत नाही. सर्व युगांच्या राज्याची घोषणा झाल्यावर लगेच पडलेल्यांची आठवण यावी, हा क्रम ओळ असली तरी तोच राहतो आणि नसली तरी तोच. राज्य किती काळ टिकेल हे सांगून झाल्यावर राजा काय करतो हे कवी सांगतो, आणि राजा वाकून कुणाला तरी उचलत असतो.

ख्रिस्ती वाचकाच्या मनात इथे दुसरी एक कबर उभी राहते. मातीत गेलेला आणि मातीतून उठवलेला राजा त्याला ठाऊक आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय या स्तोत्राला उद्देशून लिहिलेला नाही. तरी माती स्तुती करील काय, या प्रश्नाला ख्रिस्ती माणसाकडे दुसरं उत्तर नाही, तेच आहे. पुनरुत्थान नसेल तर पहिल्या कडव्यातला ‘मी’ ही भाबडी अतिशयोक्ती ठरते. पुनरुत्थान असेल तर ते दिलेलं वचन आहे, आणि ते पाळायला आजच सुरुवात करायची आहे.

पंधराव्या आणि सोळाव्या कडव्यांत सर्वांचे डोळे देवाकडे लागलेले आहेत, आणि तो मूठ उघडून जिवांना वेळेवर अन्न देतो. ल्यूथरने १५२९च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत हीच वचनं जेवणाआधी म्हणायला सांगितली. पानावर बसताना ती सहज ओठांवर येतात. पण ती उपाशी पोटी वाचून पाहावीत. पंडिता रमाबाईंचे आईवडील दक्षिणेतल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने हाडं निघालेल्या मुली आणल्या, आणि त्यांचं केडगावचं मुक्ती सदन त्या मुलींनी भरून गेलं. याच बाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात सगळं पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून सोप्या मराठीत उतरवलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ केडगावातच छापून बाहेर आला. तेव्हा उघड्या मुठीचं हे कडवं त्यांनाही मराठीत लिहावं लागलं. ते लिहिताना त्यांच्या मनात काय होतं, हे आपण त्यांच्या तोंडी घालू नये. मात्र मूठ उघडते ती कुणाच्या तरी हातांतून, आणि केडगावात ते हात कुणाचे होते हे आपल्याला माहीत आहे. स्तुती भुकेकडे पाठ फिरवून होत नाही. जिचे आईवडील भुकेने गेले त्या बाईच्या हाताने हे कडवं मराठीत आलं, याने माझ्यासाठी त्याचं वजन कायमचं बदललं आहे.

संत ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’ हे आत्मकथन याच स्तोत्रातल्या तिसऱ्या कडव्याच्या शब्दांनी उघडते. १४८व्या स्तोत्रावर बोलताना तो म्हणतो की येणाऱ्या जीवनातला आनंद देवाच्या स्तुतीचाच असणार आहे, तेव्हा इथे जो तिचा सराव करत नाही तो तिथल्या आनंदाला पात्र कसा होईल? गवयाचा रियाज असतो तसं हे आहे. मैफल पुढे आहे, पण गळा आजच लावायचा. आणि हा सराव करणाऱ्या ऑगस्टीनने ४३० साली, वेढा पडलेल्या हिप्पो शहरात, मरणशय्येवर भिंतीवर लावून घेतली ती पश्चात्तापाची स्तोत्रं, आणि ती वाचत तो रडत राहिला. यात मला विसंगती दिसत नाही. रोजच्या स्तुतीत रडण्याला जागा नसती तर १४५च्या आधी १४३ आलंच नसतं.

मरणशय्येवर गाणारेही झाले: मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉन वेस्ली १७९१च्या मार्चमध्ये गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी आयझॅक वॉट्‌सचं गीत गायला घेतलं, जे शेजारच्याच १४६व्या स्तोत्रावर बेतलेलं आहे. श्वास असेपर्यंत स्तुती करीन आणि आवाज मरणात हरवला तरी ती थांबणार नाही, असा त्याचा आशय. रात्री त्यांच्याने पुढे गाववेना. सुरुवातीचे दोन शब्द तेवढे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

विसावं कडवं मला जड जातं. इतका वेळ सगळ्यांवर कृपा करणारा देव तिथे दुष्टांचा नाश करणार आहे. त्याला वगळून हे स्तोत्र गाणाऱ्या मंडळ्या आहेत, पण मी ते वगळणार नाही. पडलेल्यांना उठवायचं तर ज्यांनी पाडलं त्यांचंही काही करावं लागतं, आणि दुष्काळात धान्य दडवणाऱ्याचा हिशेब कधीच होणार नसेल तर ती उघडी मूठ अपुरी आहे.

शेवटच्या कडव्यात ‘माझं मुख’ परत येतं, पण लगेच सर्व देहधारी त्यात सामील होतात. सदासर्वकाळही परत येतो, दररोज मात्र येत नाही. यहुदी लोक हे स्तोत्र दिवसातून तीनदा म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटा आहे, असं ताल्मूद सांगतो. त्यांच्या प्रार्थनेत स्तोत्र संपलं की त्याला दुसऱ्या एका स्तोत्रातली ओळ जोडतात. ती ११५व्या स्तोत्रातली शेवटची ओळ आहे. तिच्याआधीच तिथे मेलेले स्तुती करत नाहीत असं सांगितलेलं आहे, आणि या ओळीत, ते ऐकून घेतलेली जिवंत माणसं आपण आतापासून सदासर्वकाळ ती करू असं म्हणतात.