लाट कुणाच्या वाट्याची?

‘गर्ल्स कान्ट सर्फ’ हा ख्रिस्तोफर नेलियस दिग्दर्शित अनुबोधपट २०२१ साली ऑस्ट्रेलियात प्रदर्शित झाला. ‘मुलींना सर्फिंग जमत नाही’ हा किनाऱ्यावरच्या पोरांचा टोमणाच दिग्दर्शकाने शीर्षक म्हणून उचलला आहे. १९८०-९० च्या काळात फळी काखोटीला मारून लाटांमागे जगभर हिंडलेल्या वेंडी बोथा, पॅम बरिज, जोडी कूपर, पॉलीन मेन्झर, लेन बीचली अशा व्यावसायिक खेळाडू इथे मोकळेपणाने बोलतात. आम्हा घाटावरच्या लोकांचा समुद्राशी संबंध सहलीपुरता. तरीही हा अनुबोधपट पाहून मी अस्वस्थ झालो, आणि त्या अस्वस्थतेत थोडी तक्रारही मिसळलेली होती.

मेन्झरचेच पाहा. ऐन पौगंडावस्थेत संधिवाताने गाठलेली ही मुलगी. काही दिवस तर तिला चालताही येत नसे. पुरस्कर्ता कंपनी नाही. समलिंगी असल्याचे लपवून ठेवण्याचा ताण वेगळाच. अशा स्थितीत १९९३ साली तिने विश्वविजेतेपद मिळवले आणि हाती काय आले, तर एक मोडका चषक! बक्षिसाची रक्कम शून्य. पुढे पोटासाठी तिने शाळेची बस चालवली. हे ऐकताना घशात आवंढा येतो, आणि यावा अशीच चित्रपटाची रचना आहे.

माझी तक्रार इथेच सुरू होते. मेन्झरने काय सोसले ते कळले. ती लाटेवर काय करीत होती, ते कळले का? जुन्या चित्रफिती क्षणभर झळकतात, त्यांवर संगीत चढते आणि लगेच पुढची मुलाखत. मराठी समीक्षेने स्त्रियांच्या आत्मचरित्रांना असेच वागवलेले आपण पाहिले आहे. ‘प्रांजळ’, ‘हृदयद्रावक’ अशी दोन विशेषणे बहाल करायची. बाईने वाक्य कसे घडवले, निवेदनात काय गाळले, याची चौकशी करायची नाही. सोसण्याचे कौतुक करणे सोपे असते. कर्तृत्वाचे मूल्यमापन करायचे तर अभ्यास लागतो.

सर्फिंगमध्ये मूल्यमापनाची पद्धत तशी स्पष्ट आहे. पाच पंच प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात. सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढतात. खेळाडूच्या उत्तम दोन लाटा धरतात. धाडस आणि काठिण्य, नावीन्य, विविधता, वेग, जोर, ओघ हे निकष. (आमच्या कथास्पर्धांच्या परीक्षकांपेक्षा हे बरे!) पण यातली मेख अशी, की काठिण्य हा गुण आधी लाटेत असावा लागतो. गुडघाभर पाण्यात कोण कसले धाडस दाखवणार? आणि त्या काळात वारा फिरला, समुद्र बिघडला, की स्त्रियांच्या फेऱ्या लावत. चांगल्या लाटा पुरुषांसाठी राखून ठेवत. मग त्याच गुणपत्रिका पुढे करून म्हणायचे, पाहा, यांना जमत नाही!

हे दुष्टचक्र चित्रपटाने नेमके पकडले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील जेफ्रीज बे येथे लाटा नसलेल्या समुद्रात उतरायला नकार देऊन स्पर्धक स्त्रिया किनाऱ्यावरच बसल्या, तो प्रसंग मला सगळ्या अश्रूंपेक्षा मोलाचा वाटला. त्यांचे भांडण नुसते पैशांचे नव्हते. पैशांचा प्रश्न पुढे सुटलाही. २०१८ मध्ये बॅलिटोच्या कुमार स्पर्धेतील एक छायाचित्र जगभर गाजले: विजेत्या मुलाच्या हाती ८००० रँडचा धनादेश, मुलीच्या हाती ४००० चा. त्याच वर्षी जागतिक सर्फ लीगने समान बक्षिसांची घोषणा केली.

लाटांचा न्याय व्हायला मात्र आणखी काही वर्षे जावी लागली. ताहितीची तेआहुपोओ ही प्रवाळावर कोसळणारी लाट स्त्रियांच्या विश्वमालिकेतून २००६ नंतर गळाली होती; ती २०२२ मध्ये परतली. त्याच वर्षी हवाईच्या पाइपलाइनवर मालिकेतील स्त्रियांची संपूर्ण स्पर्धा प्रथमच झाली आणि ती जिंकली मोआना जोन्स वाँग या स्थानिक मुलीने, अंतिम फेरीत कॅरिसा मूरला हरवून. मूर म्हणजे तोवर पाच वेळची विश्वविजेती आणि टोकियोची सुवर्णपदकविजेती. पण पाइपलाइनचा तो पोकळ बोगदा मोआनाच्या रोजच्या ओळखीचा होता. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तेआहुपोओवरच कॅरोलिन मार्क्सने सुवर्णपदक मिळवले.

स्टेफनी गिलमोरची आठ विजेतेपदे हा विक्रम आहे, आणि बीचलीची सात. पण आकड्यांनी माझे समाधान होत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या ट्रेसल्सवर पाचव्या क्रमांकाने आत आलेल्या गिलमोरने एका दिवसात चौघींना हरवले. तेव्हाची तिची वळणे पाहावीत. लाटेच्या पायथ्याशी ती घाई करीत नाही, क्षणभर थांबल्यासारखी वाटते, आणि मग सगळा भार मागच्या पायावर घेऊन वर झेपावते. कसलेला गवय्या समेच्या आधी जी किंचित उसंत घेतो, तिची आठवण झाली.

नेलियस यांच्याकडून मला एवढेच हवे होते. मुलाखती थांबवून, संगीत बंद करून, मेन्झरची १९९३ ची एक लाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवायला हवी होती.