टोकन नंबर सतरा

साखरखेर्ड्याच्या पाटीवर पहिला हात टाकला तो निजामाने. १७२४ साली इथल्या लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून निजाम-उल-मुल्कने दख्खनच्या सत्तेचा पाया घातला आणि त्या आनंदात गावाचं नाव ‘फतेहखेर्डा’ ठेवून दिलं. गावाने मान डोलावली असेल, पण तोंडात साखर ती साखरच राहिली. सांगायचा मुद्दा, पाट्या बदलणं आम्हाला नवीन नाही. हल्ली मात्र बदलतात त्या चहाच्या पाट्या. बाजाररस्त्यावरून ‘हॉटेल’ हा शब्द हळूहळू नाहीसा होतो आहे. त्याच्या जागी एकतर ‘अमृततुल्य’ येतं, नाहीतर ‘कॅफे’. मेहकर म्हणा, चिखली म्हणा, देऊळगावराजा म्हणा, सगळीकडे तीच गत.

आता तुम्ही म्हणाल, या विषयावर टीका करायला तुम्ही कोण? त्याचं असं आहे, नाटकावर लिहिणाऱ्याला फुकट पास असतो, तसं मला माझं टेबल आहे. मी बँकेत कारकून. असल्या दुकानांचे कर्जाचे कागद आमच्याच टेबलांवरून फिरतात. २०१५ साली मुद्रा योजना निघाली, तिच्यात ५० हजारांपर्यंतचं कर्ज ‘शिशु’, ५ लाखांपर्यंतचं ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंतचं ‘तरुण’. २०२४ साली २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ही आला. ‘वृद्ध’ या नावाची योजना मात्र अजून निघालेली नाही, त्यामुळे जुन्या हॉटेलवाल्याला कोणत्या रकान्यात बसवावं हा प्रश्नच आहे.

तर परीक्षणाला नेपथ्यापासून सुरुवात करू. नव्या कॅफेच्या भिंतीवर हिरवं गवत असतं. प्लास्टिकचं. ज्या भागात खऱ्या गवताची काळजी शेळ्या वाहतात, तिथे हे गवत वर्षभर हिरवं पाहून बिचाऱ्या शेळ्यांना काय वाटत असेल! गवतावर दिव्यांच्या नळीने काहीतरी इंग्रजी लिहिलेलं असतं. स्टुलं अशी उंच, की आमच्या वयाचा माणूस एकदा चढला की उतरताना दुसरा चहा मागवून विचार करतो. जुन्या हॉटेलातलं बाकडं तुम्हाला मांडी घालू द्यायचं. स्टूल फक्त टेकू देतं.

चहाबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. चहा चांगला असतो. जुन्या हॉटेलात सकाळी सहाला टाकलेल्या पत्तीचं चारीठाव शोषण दुपारपर्यंत चाले. अमृततुल्य ही मूळची पुण्याची चीज. पितळी पातेलं, ठेचलेलं आलं, वेलदोडा, आणि राजस्थानातून येऊन पुण्यात मुरलेल्या माणसांचा हात. आता हात नाही, पुडी असते. मसाल्याची बंद पुडी कंपनीकडून येते आणि साताऱ्याचा चहा साखरखेर्ड्यात जसाच्या तसा लागतो. चव बिघडत नाही हे खरं. पण तिला गावही उरत नाही.

खरा बदल चहात नाही, बिलात आहे. पूर्वी आधी चहा, मग गप्पा, मग पुन्हा चहा आणि शेवटी पैसे. आता आधी पैसे. मोबाईल पुढे करायचा, डबा भर रस्त्यावर ओरडून सांगतो, ‘‘दहा रुपये प्राप्त झाले!’’ मग मुलगा म्हणतो, ‘‘सर, टोकन नंबर सतरा.’’ एके काळी बँकेच्या काऊंटरवर पितळी टोकनं असत. मी नोकरीला लागलो तेव्हा ती ड्रॉवरच्या तळाशी पडलेली होती. बँकेने टोकन सोडलं आणि चहावाल्याने उचललं. आता फक्त त्याने ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी उचलायची बाकी आहे.

जुन्या हॉटेलात टोकन नव्हतं, वही होती. लाल कापडाची, तेलकट बोटांच्या ठशांची. बँकेत कर्ज मागा, आम्ही सातबारा मागतो, जामीनदार मागतो, फोटो मागतो. हॉटेलचा मालक एकच प्रश्न विचारायचा, ‘‘काहून रे, कोणाचा तू?’’ बापाचं नाव सांगितलं की खातं उघडलं. कापूस किंवा सोयाबीन विकलं की वही मिटायची, नाही विकलं तर पुढच्या हंगामात. कॉमर्सच्या पुस्तकात नावलौकिक ही मालमत्ता म्हणून धरतात. तिचा पाच रुपयांच्या चहापर्यंत उपयोग होतो हे आम्हाला या वहीने शिकवलं.

इथे थांबून डोळे पुसावेत असं वाटत असेल तर जरा दम धरा. कारण तोच प्रश्न, ‘‘कोणाचा तू?’’, दुसऱ्या एखाद्याला विचारला गेला की त्याचं उत्तर वहीत जात नसे. ते कपात जाई. खेड्यापाड्यांतल्या कित्येक हॉटेलांत वेगळे कप असत, बाहेर ठेवलेले, पिणाऱ्याने स्वतः विसळायचे. म्हणून तर घटनाकारांना कलम १५ मध्ये दुकानं आणि उपाहारगृहं हे शब्द मुद्दाम घालावे लागले, आणि १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा उल्लेख करावा लागला. देशाच्या कायद्याने कपबशीची दखल घ्यावी, इतकी ती कपबशी कडू होती. ज्या ओळखीने मला उधार चहा मिळे, त्याच ओळखीने दुसऱ्याला उन्हात उभं केलं होतं. आणि बायका? त्यांच्यासाठी फार तर ‘फॅमिली रूम’. म्हणजे एक पडदा आणि पडद्यामागे उकाडा.

आता कॅफेत जाऊन पाहा. कॉलेजच्या तीन मुली थेट रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या असतात. कोल्ड कॉफी एक, नळ्या तीन. मोठ्याने हसतात, पैसे आपापसांत मोजून देतात. त्यांना कोणी विचारत नाही, ‘‘कोणाची गं तू?’’ टोकन नंबर सतराला जात नसते, आडनाव नसतं, बाप नसतो. सगळ्या रस्त्यावर एवढी एकच जागा अशी असेल, तर त्या प्लास्टिकच्या गवताला शंभर गुन्हे माफ. काही कॅफेवाले मात्र आत पडद्याच्या खोल्या करतात आणि मग पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या येतात. त्यांना एवढंच सांगणं आहे, बाबांनो, पडदा आम्ही वापरून टाकलेला माल आहे. तुम्ही खिडकीच ठेवा.

तरीपण बाजाराच्या दिवशी एक माणूस दिसतो. सोयाबीनचा भाव पडलेला, खिशात मोबाईल साधा, त्यात पैसे नाहीत. तो डब्यासमोर उभा राहतो, पाटीवरचे दर वाचतो आणि काही न बोलता निघून जातो. त्याला कोणी हाकललेलं नसतं. पण बसही कोणी म्हटलेलं नसतं. दोष पोराचा नाही. त्याचा हप्ता ठरलेला, दूधवाला रोखीचा, पुडीवाला त्याहून रोखीचा. उधारी द्यायला जे भांडवल लागतं, ते शिशु, किशोर, तरुण या तिन्ही योजनांत बसत नाही.

परीक्षणाच्या शेवटी सूचना करायची पद्धत आहे, म्हणून एक करतो. त्या बोलक्या डब्याशेजारी एक लहानशी वही ठेवावी. पानं फार लागणार नाहीत. वेगळे कप नकोत, पडदा नको, भिंतीवरचं गवत असू द्या. आणि नाव विचारायचंच झालं तर जरूर विचारावं. फक्त चहा पुढे ठेवल्यानंतर.