चिऊचें घर, काऊचें घर

परीकथांतून आणि चिऊकाऊच्या गोष्टींतून मुलांनीं कांहीं शिकावें, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून मोठी आस्था असते. परंतु ती शिकवण कोणती, हें आधींच ठरवून टाकण्याची जी घाई चालते, ती आम्हांस कथेच्याच जिवावर उठणारी वाटते. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत, म्हणजे १३ व्या शतकांत, ती चक्रधरांच्या तोंडीं आलेली आहे. तेथें चिमणीच्या जागीं साळई आहे. इतकीं शतकें टिकलेल्या ह्या गोष्टीचें तात्पर्य बहुधा एका ओळींत उरकलें जातें: घर पक्कें बांधावें, आळस करूं नये.

हें तात्पर्य जालना जिल्ह्यांतील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गांवीं, एखाद्या जुन्या मातीच्या घरांत सांगून पाहावें. शेणानें सारवलेल्या ओसरीवर बसून ऐकणाऱ्या मुलास शेण हें आळसाचें लक्षण कसें वाटावें? सारवण म्हणजे त्याच्या लेखीं स्वच्छता, सणावाराचें मांगल्य. उलट, मेणाच्या घराचें वैशाखांत काय होईल, असें तें विचारील. आणि प्रश्न मोठा रास्त आहे! शहरांतल्या मुलाला मात्र शेण म्हणजे नुसती घाण. ऐकणारा कोणत्या भुईवर बसला आहे, त्याप्रमाणें कथेचा अर्थ असा पालटतो.

पण कथेचा खरा कस लागतो तो दाराशीं. चिमणी खोटें बोलत नाहीं. बाळाला न्हाऊं घालणें, अंग पुसणें, तीट लावणें, निजविणें, हीं सारीं कामें खरींच आहेत; आणि कावळाहि बाहेर खराच भिजतो आहे. दुष्टपणावांचून निर्दयपणा कसा घडतो, हें इतक्या थोडक्यांत सांगणारी दुसरी गोष्ट आम्हांस आठवत नाहीं. आपल्यासारख्या कुटुंबांनीं येथें थोडें थांबावें. मुलाला कावळ्याची कींव येते, तेव्हां आपल्या घरचें दार कोणासाठीं किती वेळानें उघडतें, हेंहि त्यानें पाहिलेलें असतें. कांहीं कथनांत कावळा शेवटीं आंत येतो आणि चुलीपाशीं पोळतो. हा शेवट क्रूर म्हणून हल्लीं गाळतात. आमच्या मतें तो गाळूं नये; चिमणीची बाजू पुरती निर्दोष नाहीं, हें त्यावांचून मुलास कळणार कसें?

ब्रूनो बेटेलहाइम ह्या लेखकानें १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, परीकथेचा अर्थ मुलास उकलून सांगूं नये, असें प्रतिपादिलें. त्याची सारी मीमांसा आम्हांस मान्य नाहीं. ही सूचना मात्र मान्य आहे. ‘यावरून काय शिकलास?’ हा प्रश्न निदान त्या रात्रीं तरी विचारूं नये.