आपला जामीन आपणच

२००१ सालापासून कुणीही लिहावं अशा त्या विकिपीडियात, इंग्रजी लेखांत एखाद्या वाक्याच्या शेपटाला चौकटी कंसात बारीकसा टोमणा असतो : ‘स्वयंप्रकाशित स्रोत?’ म्हणजे लिहिणारा तोच, छापणारा तोच आणि खऱ्याखोट्याची ग्वाही देणाराही तोच! आम्ही बँकवाले या शेऱ्याखाली आनंदानं सही करू. कर्जदारानं जामीनदार म्हणून स्वतःचंच नाव घातलं, की अर्ज परत. मग गृहस्थ कितीही सज्जन असो.

नियमाला सूटही आहे. त्या विषयातलं ज्याचं लेखन त्रयस्थांनी आधी छापलंय, त्याचं घरचं पुस्तक चालू शकतं. दुसऱ्या हयात माणसाबद्दल मात्र मुळीच नाही. हे उत्तम. नाहीतर भाऊबंदकीचे सगळे दावे ज्ञानकोशात शिरले असते!

माझी तक्रार निराळी आहे. पदरमोड करून पुस्तक काढणं ही मराठीतली जुनी रीत. खुद्द ज्ञानकोशकार केतकरांनी १९२०च्या दशकात २३ खंड काढले, ते स्वतः लिमिटेड कंपनी उभारून, शेअर खपवून. मग गावचा इतिहास लिहिणाऱ्या निवृत्त मास्तरांना कुठला प्रकाशक मिळायला? त्यांचं पुस्तक खोडायच्या आधी ते कुणी उघडून तरी बघावं!

पण शेरा मारायचा, खाली महिना-वर्ष टाकायचं आणि पुढच्या लेखाकडे वळायचं. दहा-दहा वर्षांचे शेरे तसेच लोंबताहेत. आमच्या सस्पेन्स खात्यात इतक्या जुन्या नोंदी निघाल्या, तर ऑडिटर चहासुद्धा घेत नाही.