वीजदेयकाची मराठी : सौरगृहांच्या हिशेबासंबंधी काही विचार

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते. शब्द सुबोध आहे काय, हा एक. आणि तो संस्कृतोद्भव आहे की परकीय, हा दुसरा. स्वातंत्र्याच्या आगेमागे डॉ. रघुवीर यांचे कोशकार्य ज्या नागपुरात चालले, तेथे तर ही चर्चा नवी नाही. परंतु याहून महत्त्वाचा एक तिसरा प्रश्न आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. ज्या दोन पक्षांमध्ये व्यवहार होतो, त्यांपैकी कोणाची बाजू तो शब्द आधीच घेऊन बसलेला असतो? छतावर सौरपट्ट्या बसविलेल्या घरांचे वीजदेयक हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय.

केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यावर अशी घरे झपाट्याने वाढली, आणि महाराष्ट्रात नागपूर जिल्हा या बाबतीत अग्रभागी राहिला. एक किलोवॉटच्या संचापासून महिन्याकाठी सुमारे १२० युनिट वीज मिळते असे सामान्यतः धरले जाते. पैकी दुपारी जी वीज घरात लागत नाही ती तारांवाटे बाहेर जाते, आणि सूर्यास्तानंतर त्याच तारांवाटे वीज घरात येते. मापक दोन्ही दिशांची नोंद ठेवतो, आणि आलेल्या युनिटांतून गेलेली युनिटे वजा करून राहील त्याचेच देयक येते. यालाच 'नेट मीटरिंग' म्हणतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्यासाठी २०१५ साली विनियम केले व २०१९ साली त्यांच्या जागी नवे आणले.

आता या व्यवहारातील शब्द पाहावेत. पहिला शब्द 'ग्राहक'. 'ग्रह्' धातूपासून आलेल्या या शब्दाचा अर्थच मुळी 'घेणारा' असा आहे. महावितरणाच्या देयकाच्या शिरोभागी ग्राहक क्रमांक असतो. घर वीज घेत असो वा देत असो, त्याची ओळख घेणारा हीच राहते. इंग्रजीत या नव्या पक्षासाठी उत्पादक व उपभोक्ता या दोन शब्दांचा जोड करून 'प्रोझ्युमर' हा शब्द घडविण्यात आला, आणि केंद्राच्या २०२० च्या ग्राहकहक्कविषयक नियमांत त्याची रीतसर व्याख्याही आली. मराठीत मात्र देणाऱ्यास नाव नाही. ज्यास नाव नाही त्याच्या हक्काविषयी बोलताना वाक्य अडखळते, हा भाषाव्यवहारातील नित्याचा अनुभव आहे. "ग्राहकाने दिलेली वीज" ही शब्दसंहती विसंगत वाटते ती त्यामुळेच.

दुसरा शब्द 'आकार'. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी या शब्दाची मालिकाच देयकावर आढळते. हा शब्द महसुली मराठीतून आलेला असून सातबाऱ्याच्या उताऱ्यामुळे तो शेतकऱ्याच्या आजही परिचयाचा आहे. जमिनीचा आकार हा तिचा मगदूर पाहून बसविला जाई; त्या वर्षी पीक किती आले यावर तो अवलंबून नसे. या अर्थाने 'स्थिर आकार' हा प्रयोग अत्यंत यथार्थ होय, कारण वीज वापरली काय, न वापरली काय, जोडणी असेपर्यंत ती रक्कम द्यावीच लागते. 'मोफत वीज' या नावाच्या योजनेत सहभागी झालेल्या गृहस्थास शून्य युनिटांचे देयकही शून्य रुपयांचे का नाही, याचे आश्चर्य वाटते. सातबाऱ्याचा आकार आठवला असता तर ते वाटले नसते.

उलट 'वीज आकार' हा प्रयोग सदोष आहे. ती वस्तुतः मोजून घेतलेल्या मालाची किंमत आहे. 'वहन आकार' तर दोहोंच्या मध्ये लोंबकळतो. तारांच्या वापराबद्दलची ही रक्कम युनिटांवर घेतली जाते. म्हणून वजावटीनंतर ज्याची युनिटे शून्य होतात त्याचा वहन आकारही शून्य होतो, यद्यपि त्याच्या विजेने तारांवरून जाऊन येऊन दुहेरी प्रवास केलेला असतो. वितरण कंपन्यांची तक्रार या ठिकाणी निराधार म्हणता येत नाही. परंतु तीन निरनिराळ्या स्वरूपाच्या रकमांना एकच नाव दिल्यामुळे ती तक्रार गृहस्थापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यास ती केवळ लूट वाटते.

खरा वाद मात्र तिसऱ्या ठिकाणी आहे. बाहेर गेलेल्या विजेस काय म्हणावे? येथे दोन शब्दसमूह एकाच वेळी प्रचारात आहेत. मापकाच्या संदर्भात 'आयात' व 'निर्यात' हे शब्द वापरले जातात. हिशेबाच्या संदर्भात युनिटे 'जमा' होतात, 'पुढे ओढली' जातात, त्यांचे 'बँकिंग' होते. ही दोन निरनिराळी रूपके आहेत आणि त्यांतून निघणारे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत. निर्यात म्हणजे विक्री. विकलेल्या मालास त्या वेळचा बाजारभाव मिळावा, आणि भर दुपारी सर्वत्र सौरवीज मुबलक असताना तो भाव पडलेला असावा, हे तिच्यात ओघानेच येते. जमा म्हणजे ठेव. ठेवलेले दाणे कोणत्या प्रहरी ठेवले हे न पाहता तितकेच परत मिळावेत, ही ठेवीची अपेक्षा असते. पहिले रूपक कंपनीच्या सोयीचे आहे, दुसरे गृहस्थाच्या.

विनियमांत ही दोन्ही रूपके शेजारी नांदतात. आर्थिक वर्ष चालू असेतो शिल्लक युनिटे महिन्यामागून महिना पुढे जातात. ती ठेव असते. वर्ष संपताच उरलेली युनिटे आयोगाने ठरविलेल्या दराने कंपनी विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे एकच युनिट ३१ मार्चपर्यंत ठेव असते आणि त्यानंतर माल ठरते. वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकांच्या बाबतीत तर आणखी एक तरतूद आहे : एखाद्या वेळगटातील वीज प्रथम त्याच वेळगटात वजा करावयाची आणि उरलेली वीज जणू कमी मागणीच्या वेळी दिली गेली असे मानावयाचे. हे 'मानणे' लक्षात घेण्यासारखे आहे. घडलेली घटना आणि मानलेली घटना यांतील अंतर ज्या वाक्यात असते, ते वाक्य देयकावर कोठेही दिसत नाही. दिसतो तो केवळ अंक.

याचे मूळ 'युनिट' या शब्दात आहे. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालल्याने खर्च होते ते एक युनिट. शब्द परिमाण सांगतो, प्रहर सांगत नाही. सर्व वेळी एकच दर असताना हे पुरेसे होते. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांत मात्र वेळेनुसार मोजणारा मापक असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत ठेवण्यात आली. दुपारचे युनिट व रात्रीचे युनिट हे भिन्न मोलाचे पदार्थ आहेत, हे तत्त्व तेथे मान्य झाले. सौरगृहांनी दिलेल्या विजेसही हे तत्त्व लावावे काय, हाच २०२५ च्या वीजदरविषयक वादाचा गाभा होता. नागपूरच्या गृहस्थास हा प्रश्न विशेष झोंबणारा आहे. वैशाखातील रात्री येथे कूलर वा वातानुकूलक पहाटेपर्यंत चालतो. त्याची देणी दुपारची असतात आणि घेणी रात्रीची. थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या उष्णता-पंपांबाबत हीच अडचण उलट ऋतूत येते. नेदरलँड्समध्ये अशा वजावटीस 'साल्डेरेन' म्हणतात. शिल्लक काढणे या हिशेबी अर्थाचा तो शब्द. १ जानेवारी २०२७ पासून ही वजावट बंद करण्याचा कायदा तेथे २०२४ साली संमत झाला. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या एप्रिलपासून नव्या जोडण्यांसाठी वजावटीऐवजी स्वतंत्र मूल्याची पद्धती स्वीकारली. तेथेही ठेवीचे रूपक मागे पडून विक्रीचे पुढे आले आहे.

दर शब्दांनी ठरत नाहीत, ते खर्चाने ठरतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खरा आहे. परंतु दर मान्य करणे वा त्यास हरकत घेणे हे शब्दांनीच घडते. आयोगापुढील सुनावणीत सामान्य नागरिकास बोलण्याचा अधिकार आहे. त्या अधिकाराचा उपयोग करावयाचा तर आपण ठेवीदार म्हणून बोलतो की विक्रेता म्हणून, हे त्यास आधी कळले पाहिजे.

याकरिता नवे शब्द घडविण्याचीही फारशी गरज नाही. मराठी वहीखात्याने 'जमा' आणि 'नावे' ही जोडी कधीच सिद्ध केलेली आहे. दिवसाची जमा, दिवसाचे नावे, रात्रीची जमा, रात्रीचे नावे असे चार रकाने देयकावर छापले, 'आकार' हा शब्द स्थिर रकमेपुरता राखून विजेस 'किंमत' व तारांच्या वापरास 'वहनखर्च' म्हटले, आणि जेथे काही मानून घेतले आहे तेथे 'मानलेले' असे स्पष्ट लिहिले, तर वादाचा निकाल लागणार नाही. पण वाद कशाविषयी आहे हे दोन्ही पक्षांस दिसेल. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. देयक मराठीत छापले म्हणजे त्याचा हेतू सफल झाला असे नव्हे. ज्याने पैसे भरावयाचे त्यास त्यातील हिशेब मराठीतच तपासता आणि नाकारता आला पाहिजे.